खोडलेली ओळ

श्रीवर्धन तालुक्यातल्या एका ताईंचं हाताने लिहिलेलं सहा पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देते.

ताई ४८ वर्षांच्या. घरी नवरा, पंचाहत्तरी उलटलेल्या सासूबाई आणि पुण्यात नर्सिंगला प्रवेश मिळालेली मुलगी. चौदा गुंठ्यांची नारळी-पोफळीची वाडी ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात एका दुपारीत आडवी झाली. घर तेवढं राहिलं. पुढे कर्ज काढून पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या, त्या चांगल्या चालतात आणि कर्जही फिटलं. हाती येणाऱ्या पैशातून ताई सोनं घेतात. आजवर अकरा तोळे झालं. चार ठिकाणी ठेवी आहेत, त्यातली सगळ्यात मोठी जास्त व्याज देणाऱ्या एका पतसंस्थेत. कपाटाची किल्ली गळ्यात काळ्या दोऱ्यात असते. रात्री तीनदा उठून कपाट, मागचं दार आणि वाडीचं बेडं, म्हणजे फाटक, बघून येतात. मुलीच्या फीसाठी सोनं मोडायला तयार नाहीत, म्हणून नवऱ्याशी अबोला. सासूबाई मात्र ‘सगळं गेलं तरी गाढ झोपतात’. अलीकडे गावात एक प्रवचन झालं. ज्याची भिस्त तिजोरीवर आहे त्याची देवावर असूच शकत नाही, असं बुवा म्हणाले, ते ताईंना लागलं. आता त्या विचारतात, पाच तोळे ग्रामदेवीला वाहून टाकले तर ही भीती जाईल का? सासूबाईंसारखी श्रद्धा माझ्यात का नाही? देवावर भरवसा आणि बँकेत ठेव, हे एका माणसाला जमतं का?

ताई,

पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही ते सोन्याबद्दलचं वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना तिसऱ्या पानाच्या तळाशी एक खोडलेली ओळ दिसली. आधी लिहिलेली, मग त्याच पेनाने तीन-चार रेघा ओढलेल्या. पान खिडकीशी धरलं तर वाचता येत होती. ‘मी त्याला हाका मारत होते आणि त्याने ऐकलं नाही.’

खोडलेलं छापू नये एवढं मला कळतं, म्हणून तुम्हाला फोन केला. तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मागे कुठेतरी कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. मग म्हणालात, “छापा. नाव तेवढं नको.” पाच तोळ्यांचा प्रश्न, सासूबाईंचा, बँकेचा, हे सगळे मला या ओळीच्या पोटातून निघालेले दिसतात. तेव्हा तिथूनच सुरू करते.

ती दुपार तुम्ही एका पानात लिहिली आहे. माजघराच्या दाराला तांदळाची दोन पोती आणि वर पाटा लावला होता. देवघरातलं निरांजन वाऱ्याने तीनदा विझलं, तुम्ही तीनदा लावलं, चौथ्या वेळी काडेपेटीच भिजली होती. बाहेर पोफळी मोडत होत्या आणि तुम्हाला प्रत्येकीचा आवाज वेगळा ऐकू येत होता. वारा पडल्यावर मागचं दार उघडलंत तर समुद्र दिसला. लग्न होऊन आल्यापासून त्या दारातून कधी समुद्र दिसला नव्हता, मध्ये वाडी होती. मग पंचनामे झाले. भरपाई हेक्टरी ५० हजार जाहीर झाली. पण आपल्या किनाऱ्यावरची वाडी मोजतात गुंठ्यात. चौदा गुंठ्यांचे होतात सात हजार. ज्या रोठा सुपारीला तुमच्या श्रीवर्धनचं नाव लागतं, तिचं झाड धरायला पाच-सात वर्षं घेतं. सात हजारांत ती वर्षं येत नाहीत.

यानंतर कुणीही कपाटाला दोन कुलपं लावली असती. त्यात मला लोभ दिसत नाही. श्रद्धा आटल्याचंही दिसत नाही. श्रद्धा आटलेला माणूस ‘त्याने ऐकलं नाही’ असं लिहीत नाही आणि लिहिलंच तर खोडत नाही. मला दिसतो तो रुसवा. सासरी आलेल्या एखाद्या मुलीला नवऱ्याने ऐन वेळी पाठ दाखवली, तर ती भांडत नाही. स्वयंपाक करते, वाढते, सगळ्यांशी बोलते, आणि त्या दिवसापासून डाळीच्या डब्यात गुपचूप पैसे साठवायला लागते. तुमचे अकरा तोळे त्या डब्यातले आहेत. पूजा तुम्ही रोज करता, फुलं चुकत नाहीत, पण पाच वर्षांत देवाशी एक शब्द बोललेल्या नाहीत.

मी मालवणकडची. आमच्याकडे देवाशी बोलायची एक रीत आहे, ती तुमच्या बाजूलाही आहे. गाऱ्हाणं. गावचा मानकरी देवासमोर उभा राहतो, हातात नारळ, आणि मोठ्याने सुरू करतो. “बा देवा म्हाराजा, ही लेकरां आज तुझ्या पायाकडे इली हत...” मागे उभे असलेले सगळे म्हणतात, “व्हय म्हाराजा!” काही चुकलं असेल तर पदरात घे, व्हय म्हाराजा. वाकडं असेल ते सरळ कर, व्हय म्हाराजा. मुंबईची माणसं हल्ली हे मोबाईलवर गंमत म्हणून ऐकवतात. पण शब्द बघा. गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. आमच्या माणसांनी देवाच्या प्रार्थनेला तक्रारीचंच नाव ठेवलं आहे.

मी दहा-अकरा वर्षांची असताना एका वर्षी मळभाने सगळा मोहर गेला. आमच्या गावचे गाऱ्हाणं घालणारे आजोबा स्वभावाने तापट. नेहमीचं म्हणून झाल्यावर ते थांबले आणि आवाज चढवून म्हणाले, “औंदा आमचो मोहर जळालो, तेव्हा तू खय होतस?” देवळात कुणी हललं नाही. मला वाटलं, आता काहीतरी होणार. मग मागून एकाने म्हटलं, “व्हय म्हाराजा.” आणि पाठोपाठ सगळ्यांनी. नारळ फुटला, शेरणी वाटली, आम्ही पोरं खोबरं खात घरी आलो. ‘तू कुठे होतास’ हा प्रश्न ज्या देवळात सगळ्या गावाने होकार देऊन विचारला, त्या देवळात पुढच्या वर्षीही तीच माणसं त्याच जागी उभी होती. आजोबांसह.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे. देवीला सोनं वाहण्याआधी ती खोडलेली ओळ वाहा. देवळात कुणी नसताना जा. संकोच वाटत असेल तर घरच्या देवघरात, सगळे झोपल्यावर. मनातल्या मनात नको, ओठांनी बोला. ‘३ जूनला मी हाका मारत होते, तू कुठे होतास?’ रडू आलं तर येऊ दे, राग आला तर येऊ दे. लगेच काही उत्तर मिळेल असं नाही. पण रुसून बसलेल्या माणसाला सुरक्षित कसं वाटेल? ज्याच्या भरवशावर निजायचं त्याच्याशीच अबोला आहे. (नवऱ्याशीही आहे. त्याकडे नंतर येते.)

आता बुवांचं वाक्य. ते ऐकायला छान आहे आणि टाळी घेतं. पण खरं सांगू, जगून बघितलं तर टिकत नाही. आपल्याकडे तिजोरी सोडून देवाकडे गेलेल्यांमध्ये पहिलं नाव कुणाचं घेतात? तुकोबांचं. १६३० च्या दुष्काळात दुकान बुडालं, घरात माणसं गेली. मग सावकारीची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट तुम्ही कीर्तनात शंभर वेळा ऐकली असेल. त्यातला अर्धा भाग कीर्तनकार घाईत सांगतात. तुकोबांनी आधी खतांच्या दोन वाटण्या केल्या. धाकट्या भावाची, कान्होबांची वाटणी त्यांच्या हातात दिली. बुडवली ती फक्त स्वतःची. भावाच्या संसाराचा निर्णय त्यांनी आपल्या वैराग्याने केला नाही. तुमच्या अकरा तोळ्यांत मुलीची फी आहे, नवऱ्याने पर्यटकांच्या पहाटेच्या चहासाठी मोडलेली झोप आहे. ते सगळं तुमच्या वाटणीत धरून परस्पर वाहून टाकणं, हे तुकोबांच्या वाटेवरचं पाऊल ठरणार नाही.

मी शिकवत होते त्या शाळेत म्हसळ्याकडचे एक कोकणी मुसलमान सहकारी होते. सहलीला निघताना बसचा टायर स्वतः वाकून बघायचे आणि मला सांगायचे, “बाई, पैगंबरसाहेबांनी सांगितलंय, आधी उंट बांध, मग अल्लावर भरवसा ठेव.” बँकेतली ठेव म्हणजे बांधलेला उंट आहे. त्यात देवाचा अपमान नाही. पंचाईत तेव्हा होते, जेव्हा उंट बांधूनही माणूस रात्रभर दावं धरून उभा राहतो.

घरात एलआयसीची पॉलिसी असेल तर काढून बघा. दोन तळहातांच्या मध्ये ज्योत आहे आणि खाली शब्द आहेत, ‘योगक्षेमं वहाम्यहम्’. गीतेच्या नवव्या अध्यायातलं भगवंताचं वचन. १९५६ पासून विमा विकणाऱ्या महामंडळाने ते बोधवाक्य म्हणून घेतलं, याची मला नेहमी मौज वाटते. हप्ता थकला तर ते वाहणं थांबतं, हा भाग वेगळा. योग म्हणजे जे नाही ते मिळणं, क्षेम म्हणजे जे आहे ते राखलं जाणं, असा अर्थ शंकराचार्यांनी भाष्यात दिला आहे. मग ३ जूनला ते वचन कुठे गेलं, हा तुमचा प्रश्न रास्तच आहे. तुम्ही चौघं वाचलात हेच क्षेम, असं सांगून मी सुटू शकते. पण त्या वर्षी ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात जाऊन हे वाक्य मला उच्चारता येणार नाही. आणि जे तिथे म्हणता येत नाही ते तुम्हालाही सांगू नये.

मी त्या वचनातलं क्रियापद धरून बसते. ‘वहामि’. मी वाहतो. शिमग्यात पालखी खांद्यावर घेणाऱ्याला विचारा. तो खाचखळगे बुजवत पुढे जात नाही, ओहोळावर पूल बांधत नाही. खांदा देतो आणि सोबत चालतो. आपल्या मराठीत वाहणे हा शब्द दोन्हीकडे चालतो, देवाला फूल वाहतात आणि ओझंही वाहतात. तुम्ही सोनं वाहायला निघालात. तो म्हणतो आहे, मी वाहतो. वाडी उभी राहण्याची हमी मला या शब्दात दिसत नाही. पडलेल्या वाडीत दुसऱ्या सकाळी तुम्ही एकट्याने उभं राहायचं नाही, एवढं मात्र दिसतं. त्या सकाळी तुमच्या वाडीत कोण उभं होतं, ते तुम्हीच पाचव्या पानावर लिहिलं आहे. त्याकडे येतेच.

त्याआधी तुमचा थेट प्रश्न. पाच तोळे देवीला वाहिले तर?

हे तुमच्या तालुक्यात विचारावं लागतंय याचं मला नवल वाटतं. दिवेआगर तुमच्यापासून किती लांब? १७ नोव्हेंबर १९९७ ला तिथे पोफळीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली आणि आत गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला, किलोभराहून जास्त वजनाचा. गाव फुललं, खाणावळी निघाल्या, गाड्यांच्या रांगा लागल्या. २४ मार्च २०१२ च्या पहाटे दरोडा पडला. देवळाची राखण करणाऱ्या दोघांचा जीव गेला, मुखवटा वितळवला गेला. नवा मुखवटा बसला तो २३ नोव्हेंबर २०२१ ला, अंगारकीच्या दिवशी. मधली साडेनऊ वर्षं तो गणपती सोन्याचा नव्हता. त्या काळात तिथे हात जोडणाऱ्या माणसांना गणपती कमी पडला असेल असं मला वाटत नाही. गर्दी घटली, ती बघायला येणाऱ्यांची.

सोनं देवाकडे गेलं म्हणून ते निर्धोक होत नाही. पाच तोळे देवळात दिलेत तर रात्री तीनदा उठायचं काम तुमच्याकडून देवळाच्या रखवालदाराकडे जाईल, इतकंच. आणि तुमच्याकडे सहा तोळे उरतील, त्यांच्यासाठी तुम्ही उठालच. भीती वजनावर नाही. द्यायचंच असेल तर दोन वर्षं थांबा आणि मग भीती वाटत नसताना द्या. तेव्हाचं देणं देणं असेल. आजचं म्हणजे देवीला दिलेला हप्ता, आणि उद्या पुन्हा वादळ आलं तर तुम्ही पावती घेऊन तिच्या दारात उभ्या राहाल.

आता सासूबाई. तुम्ही लिहिता, त्यांना कशाची आसक्तीच नाही म्हणून त्या झोपू शकतात. आणि पुढच्याच पानावर लिहिता की वादळाच्या दुसऱ्या सकाळी, अजून झाडांवरून पाणी ठिबकत होतं, तेव्हा त्या कोयता घेऊन वाडीत गेल्या. आडव्या पोफळी ओलांडत विहिरीपर्यंत वाट केली. पडलेल्या माडांचे नारळ गोळा करून शेजारच्या घरी, ज्यांचं छप्पर उडालं होतं, तिथे टोपलीभर पोचते केले. श्रावण संपायच्या आत चाळीस पोफळीची रोपं लावून घेतली, “माझ्या तोंडात यांची सुपारी पडायची नाही” असं म्हणत. ताई, ही आसक्ती नसलेली बाई आहे? हिचा जीव त्या वाडीत तुमच्याहून जास्त आहे! फरक एवढाच दिसतो की त्या वाडी मोजत नाहीत. त्यांनी किती झाडं गेली ते तुम्हाला एकदा तरी सांगितलं का? तुम्ही पत्रात आकडा दिला आहे, नारळ २३, पोफळी ३१०.

त्यांच्या श्रद्धेचा हेवा करण्याआधी त्यांना एकदा विचारा, संध्याकाळी दिवा लावल्यावर त्या हात जोडून काय पुटपुटतात. पंधरा-वीस वर्षं एका घरात राहून आपण हे विचारत नाही. मी माझ्या सासूला कधी विचारलं नाही आणि आता ती नाही. कदाचित कळेल की त्याही घाबरतात. कदाचित त्याही ३ जूनबद्दल देवाशी भांडून मोकळ्या झाल्या असतील, त्याच आठवड्यात. त्यांची झोप तिथून आली असेल, तर ती तुम्हालाही येऊ शकते.

थोडं व्यवहाराचं. असंच पत्र गेल्या वर्षी देवगडच्या एका आंब्याच्या कलमवाल्यांनी तौक्ते वादळानंतरच्या धास्तीबद्दल लिहिलं होतं, आणि दापोलीकडच्या एका निवृत्त गुरुजींनीही. म्हणून हे त्यांच्यासाठीही आहे. बँकेतल्या ठेवीला ठेव विम्याचं संरक्षण असतं, एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत. फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा आहे, त्याआधी १ लाख होती. सहकारी बँकांनाही ती लागू होते. पतसंस्थेला नाही. तुमची सगळ्यात मोठी ठेव नेमकी तिथेच आहे, आणि तुम्ही राखण करताय कपाटाची! मुदत संपली की ती ठेव टप्प्याटप्प्याने काढून दोन बँकांत विभागा. प्रत्येक ठिकाणी वारसाचं नाव लावलं आहे का ते बघा. आणि एका वहीत सगळं लिहून नवऱ्याला दाखवा. अबोल्यात ही वही फार कामाची. तोंड न उघडता पुढे सरकवता येते.

पतसंस्थेबद्दल मी घरचं बघून बोलते. माझ्या वडिलांची अकरा वर्षांची बचत एका पतसंस्थेत होती, ती बंद पडली. दसऱ्याला ते पाटीपूजनात पासबुक ठेवत. त्या वर्षी आईने पासबुक काढून ठेवलं, तर म्हणाले, “असू दे तिथेच. पैसे गेले, पण अकरा वर्षं कामावर गेलो ते काही खोटं नाही.” त्यांनी त्या कोऱ्या शिलकीच्या पासबुकावर हळद-कुंकू वाहिलं. मला तेव्हा तो वेडेपणा वाटला होता.

लॉकर घ्या. कपाटापेक्षा बरा. १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार चोरी, आग किंवा बँकेच्याच माणसाची अफरातफर झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत असते. भूकंप, पूर, वीज, वादळ यांत मात्र नाही. असल्या संकटांना नियमाच्या भाषेत जे म्हणतात त्याचा साधा अर्थ ‘देवाची करणी’. म्हणजे बघा, बँकेनेही वादळ देवाच्याच खात्यावर टाकलं आहे. तुमच्यात आणि बँकेत फरक एवढाच, बँकेने ते लिहून खोडलेलं नाही.

मुलीची फी भरा. यावर मी फार बोलणार नाही. लागेल तेवढं सोनं मोडा किंवा त्यावर कर्ज काढा, नवऱ्याबरोबर बसून ठरवा. पर्यटक येतील न येतील, वादळ येईल न येईल, तिच्या हातातली सुई आणि तिच्या डोक्यातलं शिक्षण कुठल्या वाऱ्याने उडत नाही. तीही उद्या पुण्यात किंवा आणखी लांब नोकरी करेल, आणि तुम्हाला तिची काळजी वाटेल. माणसांचा उंट कुठल्याच खुंटीला बांधता येत नाही. तिथे तुम्हाला देव लागेल, त्याची सवय आतापासून केलेली बरी.

रात्रीचं तीनदा उठणं पाच वर्षं चाललं असेल तर ते एकट्या श्रद्धेवर सोपवू नका. वादळाचा धसका शरीरात बसतो, त्याला औषध आणि बोलणं दोन्ही लागतं. तालुक्याच्या डॉक्टरांना सांगा, किंवा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. डॉक्टरकडे गेल्याने देवी रागावत नाही.

आणि आता ती किल्ली. झोपतानाही गळ्यातच असते, कूस बदलली की टोचते, असं तुम्ही लिहिलं आहे. आज रात्री निजण्याआधी ती काढा. देवीला पाच तोळे देणार होतात ना, त्याऐवजी सध्या आठ तास द्या. देवघरात निरांजनाच्या ताम्हणाखाली किल्ली ठेवा आणि तोंडाने म्हणा, “सकाळपर्यंत तू बघ.” एवढंच, दुसरा मंत्र नाही. रात्री जाग आलीच तर उठा, मी नको म्हणत नाही. पण कपाटाकडे न जाता देवघरापर्यंत जा, ताम्हण जागेवर आहे का बघा आणि परत या. पहिल्या रात्री तीनदा जाल. माझा अंदाज, दुसऱ्याही.

सकाळी किल्ली परत घ्या, ती तुमचीच आहे. फक्त मला एवढं कळवा की चहा टाकायच्या आधी घेतलीत की नंतर आठवण झाली.

तुमची,
सदरलेखिका